अर्धवट निरोप

३ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले आणि मी आत्ता उत्तराला बसलेय, म्हणून आधीच कान पकडते. पण "फोन का करत नाहीस" हे परत विचारू नकोस. दिवसाचे आठ तास माझ्या कानात माणसं ओरडत असतात. ॲम्ब्युलन्स पाठवा, लवकर पाठवा, अजून कशी आली नाही! परवा घरी आले, शेजारणीचा फोन वाजला आणि मी तिला म्हटलं, "पत्ता सांगा." ती बिचारी सांगायला लागली. म्हणून मला पत्रच बरं. पत्र ओरडत नाही.

कंट्रोल रूमचं काय सांगू! दुसरा मजला, न उघडणारी खिडकी, सहा टेबलं, आणि समोर भिंतीवर तो मोठा बोर्ड. गावातली प्रत्येक गाडी त्यावर हिरवा ठिपका होऊन फिरते. फोन आला की आम्ही पत्ता टाकायचा, सगळ्यात जवळचा ठिपका बोर्ड स्वतःच शोधतो आणि त्या ड्रायव्हरच्या पुढ्यातल्या स्क्रीनवर निरोप जातो. मस्त आहे, चालतो तेव्हा. गेला महिनाभर दर दोन-चार दिवसांनी दुपारचा अडतोय. ठिपके जागच्या जागी गोठतात. पाच-सात मिनिटांनी आपण होऊन हलतात, तोवर आमचा जीव टांगणीला.

साहेब म्हणतात, "तुम्ही बायका कॉम्प्युटरवर दहा-दहा खिडक्या उघडून बसता." नाचता येईना अंगण वाकडं, दुसरं काय? एरवी आमचा टेक्निशियन होता. खिशात कायम पक्कड, म्हणून सगळे त्याला पक्कडच म्हणतात. तो एक रविवार आड सकाळी येऊन मशीनपाशी काहीतरी खुडबुड करायचा आणि पंधरा दिवस सुखाचे जायचे. आता स्कूटरवरून पडून पाय मोडून घरी बसलाय. काय खुडबुड करायचा ते कुणी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही.

परवा दादाला जाऊन तीन वर्षं झाली. तू त्याबद्दल एक अक्षर लिहिलं नव्हतंस, म्हणून मीही वाढवत नाही. त्याच्या निरोप्याचं कसं चाललंय ते तरी लिही. मला त्यातलं ओ की ठो कळत नाही, पण वाचायला आवडतं.

तुझी,
नणंद (जमेल तेवढी कजाग)


१२ फेब्रुवारी

प्रिय वन्सं,

वन्सं म्हटलं की तू नाक मुरडतेस हे मला इथून दिसतं, म्हणूनच म्हणते.

मी बरी आहे. नकाशांच्या कचेरीत काम तेच. नद्या जागच्या हलत नाहीत, पण रस्ते हलतात, आणि आमचे साहेब दोन्हींसाठी मलाच जबाबदार धरतात. सकाळी कचेरीत जायच्या आधी तासभर आणि रविवारी जवळजवळ दिवसभर मी निरोप्यापाशी असते. तुझ्या दादाचं टेबल, त्याची खुर्ची. खुर्चीचं एक चाक अडकतं, ते मी बदललेलं नाही.

तू विचारलंस म्हणून सांगते, आणि ओ की ठो कळेल असं सांगते. निरोप्या हा एक प्रोग्रॅम आहे. सर्व्हरवर बसतो आणि एका मशीनचा निरोप दुसऱ्याला पोचवतो. ओपन सोर्स, म्हणजे सगळा उघडा आणि फुकट. कुणीही घ्यावा, वाचावा, वापरावा, आम्हाला सांगायचीही गरज नाही. त्यामुळे तो कुठे-कुठे चालतो हे आम्हालाही माहीत नसतं. लोक मात्र लिहितात. परवा एकाने लिहिलं, "तुम्ही झोपा काढता का?" फुकट ते पौष्टिक, वर आणि अरेरावी. पण चांगलेही असतात. आभार मानणारे अजून पुष्कळ आहेत.

लांब निरोप तुकड्यातुकड्यांनी येतो. निरोप्या तुकडे गोळा करतो, सगळे आले की जोडून पुढे देतो. मधलाच तुकडा आला नाही तर? बाकीचे असले प्रोग्रॅम थोडा वेळ थांबतात आणि अर्धवट निरोप फेकून देतात. तुझा दादा म्हणायचा, फेकायचा नाही. पाठवणारा वाटेत असेल. वीज गेली तरी तुकडे जपून ठेवायचे आणि मशीन उठलं की आधी ते मोजून घ्यायचे. माणूस कसा होता ते तुला माहीत आहे. जेवायला कुणी यायचं राहिलं असेल तर आपल्या सगळ्यांना पानावर ताटकळत ठेवायचा.

तुमच्या बोर्डाचं म्हणशील तर साहेबांकडे काडीचं लक्ष देऊ नकोस. खिडक्यांनी काही होत नाही. खोलीत कुठेतरी मोठं मशीन असेल. बंद कर आणि चालू कर. दोन मिनिटांचं काम. मी आमच्या कचेरीत आठवड्यातून दोनदा करते आणि कुणाला विचारत नाही. परवानगी मागितली की माणसांना नाही म्हणायची आठवण होते.

तुझी,
वहिनी


२४ फेब्रुवारी

वहिनी,

एक माणूस मेला. मला दुसरी सुरुवात सुचत नाही.

बुधवारी दुपारी बारा वीसला बोर्ड अडला. पाच मिनिटं, सात मिनिटं, नऊ मिनिटं झाली तरी ठिपके हलेनात. साहेब वरच्या मजल्यावर मीटिंगला, पक्कड घरी. मी उठले, कोपऱ्यातलं कपाट उघडलं आणि मशीनचं बटण दाबलं. बंद केलं, चालू केलं. शेजारचीला म्हटलंसुद्धा, "दोन मिनिटांचं काम आहे गं."

अडतीस मिनिटं लागली.

काळ्या पडद्यावर एक आकडा नुसता वाढत होता. तीन लाख, चार लाख. काय मोजत होतं कोण जाणे. आम्ही सहाजणी कागद-पेन घेऊन बसलो. मी ड्रायव्हरांचे मोबाइल नंबर भिंतीवरच्या यादीतून शोधतेय, तोच बारा एकतीसला एका बाईचा फोन. नवऱ्याचं चष्म्याचं दुकान, दुकानाच्या वर घर. "ह्यांना दरदरून घाम फुटलाय, डावा हात उचलत नाही, बोलता येत नाहीये." मी पत्ता घेतला. मला पत्ता समोर दिसत होता, पण गाडी कुठे आहे ते दिसत नव्हतं. दोन ड्रायव्हरांनी फोन उचलला नाही, तिसऱ्याने उचलला. तो जुन्या पुलापलीकडे होता. मी त्याला पाठवलं. मी पाठवलं, वहिनी. त्याला पोचायला चौतीस मिनिटं लागली.

बोर्ड उठला तेव्हा एक हिरवा ठिपका चष्म्याच्या दुकानापासून दोन गल्ल्यांवर होता. रिकामी गाडी. ड्रायव्हर आत बसून स्क्रीनकडे बघत होता, निरोप आला की निघायचं म्हणून. मोबाइल त्याने चार्जिंगला मागे लावला होता.

दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, दहा-बारा मिनिटांत आणलं असतं तर सांगता आलं असतं काहीतरी. म्हणजे काय ते मला कळतं. मी एकोणीस वर्षं हे काम करतेय.

मला घरी बसवलंय. १४ मार्चला चौकशी. साहेबांनी पहिला प्रश्न हाच केला, "कुणाच्या सांगण्यावरून बंद केलंत?" मी म्हटलं, माझ्या मनाने. तुझं नाव घेतलं नाही आणि घेणार नाही, पण तुला सांगते, त्या क्षणी माझ्या डोक्यात तुझंच वाक्य होतं.

काल पक्कड कुबड्या घेऊन दोन जिने चढून माझ्याकडे आला. पांढराफटक पडला होता. म्हणाला, "ताई, ते नुसतं बंद करायचं नसतं. आधी साठा हाताने रिकामा करायचा असतो, मग बंद करायचं. मी कुणाला सांगितलं नाही, माझं चुकलं." मी विचारलं, कसला साठा? म्हणाला, "अर्धवट निरोपांचा." आणि त्या प्रोग्रॅमचं नाव सांगितलं.

वहिनी, तो शब्द मी तुमच्या घरात पंधरा वर्षं ऐकतेय. जगात दोन निरोपे असतील का? असतील तर फार बरं होईल. लगेच लिही.


२ मार्च

ठकू,

दोन नाहीत. एकच आहे.

तुझं पत्र मी उभ्याउभ्या वाचलं आणि मग आधीचं काढून परत वाचलं. तुझ्या आधीच्या पत्रात सगळं होतं गं! बोर्ड, निरोप, दुपारचं अडणं. मी वाचलं आणि तुला घरगुती औषध सांगितलं. निरोप्या माझ्या नणंदेच्या भिंतीवर चालत असेल हे माझ्या स्वप्नातही आलं नाही. बंद करायचा सल्ला माझा होता आणि चौकशीत मी तसं लेखी देईन. तू मला वाचवायला जाऊ नकोस.

काय झालं असेल ते आता मला स्वच्छ दिसतं. तुमच्या गाड्या बोगद्यात शिरल्या, पुलाखाली गेल्या की संपर्क तुटतो. निरोप निम्मा पोचतो. निरोप्या उरलेल्या निम्म्याची वाट बघतो. एक निरोप, दहा निरोप, लाख निरोप. टाकत काहीच नाही. शेवटी मशीनची मेमरी गच्च भरते आणि नव्या निरोपाला पाय ठेवायला जागा उरत नाही. गाड्या बोगद्यातून बाहेर आल्या की काही निरोप पुरे होतात, थोडी जागा होते, म्हणून बोर्ड पाच-सात मिनिटांनी हलायचा. त्यात मशीन बंद केलं तर उठताना ते आधी सगळा जुना साठा मोजत बसतं. तू पडद्यावर बघितलास तो आकडा तोच.

आता जे सांगते ते फाडून टाक. १५ फेब्रुवारीला मला एका अनोळखी माणसाचं पत्र आलं. सर्व्हरांमधली भोकं शोधणं हाच त्याचा धंदा. हे नुसतं बोगद्यामुळेच होतं असं नाही, कुणीही मुद्दाम करू शकेल, असं त्यावरून कळलं. बाहेरून कुणीही अर्धवट निरोपांचा मारा केला तर निरोप्या सगळे मुकाट्याने सांभाळत बसेल आणि दहा मिनिटांत मशीन आडवं होईल. ना पासवर्ड लागतो, ना काही. त्याने स्वतःच्या मशीनवर करून बघितलं. मीही बघितलं. सहा मिनिटं लागली.

या कामात एक रीत आहे. भोक सापडलं की आधी ते फक्त दुरुस्त करणाऱ्याला सांगायचं. दुरुस्तीची तारीख ठरते आणि तोपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही, कारण बातमी फुटली की ज्याला खोडी काढायचीय त्याच्या हातात आयतं कोलीत. आमची तारीख २० मार्च ठरली आहे. निरोप्या किती दवाखान्यांत, किती कंट्रोल रूममध्ये चालतो मला माहीत नाही, आणि तुझ्या पत्रानंतर मी त्याचा विचारही करू शकत नाही.

म्हणून पदर पसरते. १४ तारखेला चौकशीत भोकाबद्दल बोलू नकोस. सहा दिवस, फक्त सहा दिवस कळ काढ. २० ला मी सगळं जाहीर करीन आणि तुझं नाव धुऊन निघेल. त्या अनोळखी माणसाच्या आधी हे कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं, असं त्यात लिहीन. मग तुझ्याकडे बोट दाखवायला कुणाला जागा राहणार नाही.

जेवतेस ना?

वहिनी


१६ मार्च

वहिनी,

चौकशी झाली. लांब टेबल, पलीकडे तिघं, अलीकडे मी. "मशीन बंद केल्यावर अडतीस मिनिटं का लागली?" माहीत नाही. "आधी का अडत होतं?" माहीत नाही. "एकोणीस वर्षं नोकरी आणि काहीच माहीत नाही?" वहिनी, मला सगळं माहीत होतं आणि मी ठोंब्यासारखी बसून राहिले. तू म्हणालीस म्हणून. त्या दवाखान्यांसाठी म्हणून. चष्मेवाल्यांची बायको मागच्या खुर्चीवर होती. ती नुसती माझ्या पाठीकडे बघत होती, ते मला वळून न बघताही कळत होतं. निकाल २८ ला. साहेबांनी कानात सांगितलं, "राजीनामा दिलात तर बरं दिसेल."

हे मी सोसलं असतं. पण बाहेर आले तर पक्कड जिन्यात बसलेला. म्हणाला, "ताई, तुम्ही माझं पाप डोक्यावर घेताय. हे बघा." आणि एक कागद दिला. त्याची नक्कल सोबत जोडली आहे, पण तुला वाचायची गरज नाही. तू वाचलेला आहेस.

चौदा महिन्यांपूर्वी पक्कडने निरोप्याच्या लोकांना लिहिलं होतं. सगळ्यांना दिसेल अशा जागी नाही, त्यांच्या पत्त्यावर, सभ्यपणे. आमच्या गाड्या बोगद्यात जातात, अर्धवट निरोप साठतात, मशीन भरतं, कृपया काही मर्यादा घाला. कशी घालायची तेही बिचाऱ्याने लिहून दिलं होतं. उत्तर चार तासांत आलं. "हे असंच अपेक्षित आहे. यात बदल होणार नाही." खाली सही.

सही दादाची.

मी तारीख तीनदा वाचली. दादाला जाऊन तेव्हा दोन वर्षं होत आली होती. त्याला अग्नी दिला तेव्हा मी तिथे उभी होते, वहिनी. तिथेच जिन्यात मी रडायला लागले. पक्कडला वाटलं मी चौकशीमुळे रडतेय. त्याला काय माहीत! तो मलाच सांगत होता, "मोठा माणूस असणार, ताई. चार तासांत उत्तर देतो. मी म्हटलं, एवढ्या मोठ्या माणसाला बरोबरच माहीत असेल. म्हणून मग मी रविवारी येऊन हाताने साठा रिकामा करायला लागलो." मेलेल्या माणसाच्या शब्दावर तो वर्षभर रविवारी येत राहिला.

आधी मला वाटलं कुणीतरी दादाचं नाव चोरलंय. घरी येईपर्यंत मी त्याला शिव्या घालत होते. मग "आभार मानणारे अजून पुष्कळ आहेत" हे तुझं वाक्य आठवलं. कुणाचे आभार, वहिनी?

"कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं" असं तू मला लिहिलंस. मी त्या वाक्याला धरून चौकशीत तोंडाला कुलूप लावून बसले. तू माझ्याशी खोटं बोललीस. माझ्याशी!

हे पत्र मी दोनदा फाडलं आणि तिसऱ्यांदा लिहिलं. यात माया शोधू नकोस.


२१ मार्च

ठकू,

हो. मीच.

सारवासारव करत नाही. तो गेला त्याच्या बाराव्या-तेराव्या दिवशी मी त्याच्या टेबलापाशी बसले होते. मशीन चालूच होतं, त्याच्या नावाने उघडलेलं. कुणीतरी साधी शंका विचारली होती. मला उत्तर माहीत होतं, मी लिहिलं. पलीकडून आलं, "धन्यवाद, तुम्ही नेहमीच मदत करता." त्याच्या नावाने आलं. ठकू, त्या दिवशी मी पहिल्यांदा जेवले. दुसऱ्या दिवशी परत एक उत्तर दिलं. मग मी रोज त्याच्यासारखं लिहायला शिकले. त्याच्यासारखी थोडी तिरकी, थोडी घाईची उत्तरं. तीन वर्षं. जगाच्या पाठीवर हजारभर माणसांसाठी तो जिवंत होता आणि मला वाटायचं, यात कुणाचं काय बिघडतंय?

तुझ्या पक्कडचं पत्र मला लख्ख आठवतं. चांगलं पत्र होतं. त्याचं बरोबर आहे हे मला पाच मिनिटांत कळलं होतं. तो सांगत होता ती ओळ बदलायची म्हणजे तुझ्या दादाने हाताने लिहिलेली, त्याला सगळ्यात आवडणारी ओळ पुसायची. मी दुपारभर त्या ओळीकडे बघत बसले आणि मग "बदल होणार नाही" असं लिहिलं. त्याची सही करून. माझ्या नावाने नकार दिला असता तर कुणीतरी वाद घातला असता. त्याच्या नावापुढे कुणी बोलत नाही हे मला माहीत होतं.

आणि तुला खोटं लिहिलं कारण तू मला वहिनी म्हणतेस, आणि तेवढं एक मला गमवायचं नव्हतं. हे कारण किती हलकं आहे ते मला कळतं.

काल, २० ला, निरोप्याचं नवं व्हर्जन सोडलं. आता तो तीस सेकंद थांबतो आणि अर्धवट निरोप टाकून देतो, आणि साठ्याला मर्यादा आहे. सगळी दुरुस्ती अकरा ओळींची आहे. पक्कडने चौदा महिन्यांपूर्वी सुचवली होती जवळजवळ तीच.

सोबत जाहीर केलं ते असं: "हा प्रोग्रॅम ज्याने लिहिला तो तीन वर्षांपूर्वी वारला. तेव्हापासून त्याच्या नावाने उत्तरं मी, त्याची बायको, देत होते. या दोषाची सूचना एका टेक्निशियनने चौदा महिन्यांपूर्वी दिली होती. ती मी फेटाळली. या दोषामुळे एका कंट्रोल रूमचं काम अडतीस मिनिटं बंद पडलं आणि त्या वेळात एका माणसाचा जीव गेला. मशीन बंद करणाऱ्या बाईंची यात चूक नाही. तो सल्ला त्यांना मीच दिला होता." खाली माझं नाव, माझा पत्ता. एक प्रत तुमच्या चौकशीवाल्या तिघांना नोंदणीकृत टपालाने गेली आहे, दुसरी पक्कडला.

कालपासून पत्रांचा खच पडलाय. निम्मे शिव्या देतात, त्यांचं बरोबर आहे. निम्मे तीन वर्षं उशिरा त्याच्यासाठी दुःख करतात आणि ते मला शिव्यांपेक्षाही सोसायला जड जातं. एकाने लिहिलं, "गेल्या वर्षी मी दोन महिने त्यांच्याशी भांडत होतो. ते तुम्ही होतात?" मी म्हटलं, हो, आणि तुमचंच बरोबर होतं.

तू लिहिलं नाहीस तरी मी समजून घेईन.

वहिनी (अजून म्हणत असशील तर)


३ एप्रिल

वहिनी,

म्हणतेय. म्हणून हुरळून जाऊ नकोस, राग गेलेला नाही. उद्याही जाणार नाही.

२८ ला चौकशीवाल्यांनी तुझं पत्र मोठ्याने वाचलं. साहेबांचा चेहरा बघण्यासारखा होता. सुटले बिचारे, आता सगळं तुझ्यावर ढकलता येईल! "म्हणजे यांचा काहीच दोष नाही तर," ते माझ्याकडे हात करून म्हणाले, जसं काही मला बक्षीस देतायत. मी उभी राहिले आणि सांगितलं की बटण माझ्या हाताने दाबलंय. वहिनीने सल्ला दिला, पण वहिनी तिथे नव्हती, मी होते. आणि टेक्निशियनने वर्षभरात एकदाही तुम्हाला सांगितलं नाही, कारण तुम्ही त्याला कधी खुर्ची दिली नाहीत, हेही लिहून घ्या. लिहून घेतलं. मला लेखी ताकीद मिळाली, सोमवारपासून मी परत टेबलावर आहे. नोकरी राहिली. पक्कडचीही. भिंतीवर आता ड्रायव्हरांचे नंबर मोठ्या अक्षरात लावलेत आणि बोर्ड अडला तर काय करायचं ते खाली लिहिलंय. ते मी लिहिलं.

तू उतरवून पाठवलेलं जाहीर पत्र मी त्याआधीच घरी वाचलं होतं. दादा वारला, हे तुझ्या अक्षरात मी पहिल्यांदा वाचलं. पहिल्या ओळीपाशीच मला रडू फुटलं. शेजारणीने पाणी आणलं. तीन वर्षं आपण दोघी काय करत होतो गं? तू त्याला तिकडे जिवंत ठेवलंस आणि मी इकडे "वाढवत नाही" म्हणून गप्प बसले. पण तो माझा भाऊ होता आणि तू त्याच्या नावाने एका भल्या माणसाला नाही म्हणालीस. त्याने स्वतः पक्कडला नाही म्हटलं नसतं. त्याला ओळ आवडत असेल, पण माणसं जास्त आवडायची. हे मला तुला सांगायचंच होतं.

आता नीट वाच.

परवा मी चष्म्याच्या दुकानात गेले. कुणी सांगितलं नव्हतं. दुकान उघडं होतं. बाई एकट्याच होत्या, पेटीतून फ्रेमा काढून पुसून परत लावत होत्या. मला बघितल्यावर ओळखलं. बसा म्हणाल्या नाहीत, जा पण म्हणाल्या नाहीत. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. बोगदा, साठा, बटण, रिकामी गाडी. काही लपवलं नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मग म्हणाल्या, "मी साहेबांना विचारलं, ते म्हणाले मशीन. मशीनवाल्यांना विचारलं, ते म्हणाले प्रोग्रॅम. प्रोग्रॅम कुणाचा विचारलं, तर म्हणाले तो फुकटचा असतो, कुणाचाच नसतो. मला एवढंच सांगा, मी बोलायचं कुणाशी? समोर बसून, एका माणसाशी?"

वहिनी, माझ्या तोंडावर दादाचं नाव आलं होतं. तो गेलेला आहे, त्याला काही लागणार नाही, बाईंचंही समाधान होईल आणि तूही सुटशील. किती सोपं होतं! तेव्हा कळलं तुला तीन वर्षं किती सोपं गेलं असेल.

मी तुझं नाव सांगितलं. पत्ता लिहून दिला. त्यांनी कागद घडी करून चष्म्याच्या डबीत ठेवला आणि म्हणाल्या, रविवारी येते.

मी त्यांच्यासोबत येईन, कारण त्यांना तुझी गल्ली सापडणार नाही. पण मी मध्ये एक शब्दही बोलणार नाही. आम्ही अकरापर्यंत पोचू. त्या वेळी कुठे जाऊ नकोस आणि आजारी पडू नकोस. दार तू उघड.

ठकू